झुंबरबाईचा अबोला

मानमोडीच्या तापात नवरा आणि दोन्ही लेक गेले, तेव्हापासून झुंबरबाईनं येशूशी अबोला धरला. नवऱ्याशी धरतात तस्साच: घरचं काम सगळं करायचं, बोलायचं तेवढं नाही. वरवट बकाल गावच्या प्रार्थनाघरात दर रविवारी ती झाडलोट करी, कंदिलाच्या काचा पुशी, आणि उपासना सुरू झाली की भिंतीकडे तोंड करून बसे. ना गाणं, ना प्रार्थना. अगदीच अडलं तर निरोप पादरीबुवांकरवी: "त्याले म्हणा, तुयं छप्पर गळून राह्यलं."

"झुंबरबाई, बोलायचंच नाही तर येता काऊन?" पादरीबुवा वैतागून विचारत.

"रुसली म्हणून घर सोडू का? घर माह्यंबी हाय."

पुढं पटकीनं पादरीबुवांची एकुलती पोर नेली. त्या रविवारी ते मंडळीसमोर उभे राहिले, शास्त्र उघडलं, मिटलं. प्रार्थनेविनाच लोक उठू लागले.

भिंतीकडून वळून झुंबरबाई उभी राहिली. "बसा सारे! बुवा, तुमीबी बसा. दोघांनी एकदमच अबोला धरला तर घर चालन कसं?"

मग पदर खोचून तिनं वर पाहिलं.



"ऐक बे! ह्या बुवाच्या पोरीले माह्या पोराईजवळ ठेवजो. आमेन. अन् उद्यापासून अबोला पुन्हा सुरू!"