बोटाचा डाग

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा लिहून पुसलं.

तिहोमिर पडद्याकडे बघून हसत होता. उपग्रहाच्या चित्रात ढगाचं डोकं उतू जाणाऱ्या दुधासारखं वर आलं होतं. असं डोकं आलं की खाली गारा ठरलेल्या. आमच्या गारारोधक केंद्राचं रडार कालच्या विजेनं बंद पडलेलं. आज सगळा भरवसा त्या चित्रावर. तिहोमिरनं ढगावर बोट टेकवलं. बोटाखाली व्रेला गाव होतं.

व्रेलात विदोयेची रास्पबेरीची बाग आहे. नोकरी मात्र दक्षिणेला, ग्राबच्या ठाण्यावर. गारा होऊ नयेत म्हणून ढगात रॉकेटं सोडायची. ग्राब म्हणजे तिहोमिरचं गाव. गेल्या उन्हाळ्यात आम्ही केंद्रातून आदेश दिला, तेव्हा विदोये कुणाच्या तरी स्लावाला, घरच्या संताच्या सणाला, राकिया पिऊन आडवा झाला होता. एक रॉकेट उडालं नाही. तिहोमिरच्या बापाची बाग ऐन तोडणीत झोपली. म्हातारा तेव्हापासून धड जेवत नाही.

केंद्रानं हो म्हटल्याशिवाय कुठलंच ठाणं रॉकेट सोडत नाही. आज केंद्र म्हणजे तिहोमिर.

"व्रेलाच्या ठाण्याला सांग ना," मी म्हणालो.

"सांगतो रे. तू आधी कॉफी टाक."

मी कॉफी टाकत होतो तेवढ्यात फोन वाजला. ग्राबच्या ठाण्यावरून विदोयेचा आवाज खोलीभर झाला.

"तिहोमिर, अरे इथं काळंकुट्ट झालंय! नळ्या भरून उभा आहे. सोडू का?"

"काय काका, आज कुणाचा स्लावा नाही वाटतं?"

"पाया पडतो पोरा. तेव्हापासून थेंबाला शिवलो नाही. हो म्हण!"

"स्वतःच्या बागेवर आलं की पाय आठवतात होय? ग्राबवर काही नाही. गप बसा."

तिहोमिरनं फोन आपटला. "आता कळेल भडव्याला."

मी कप घेऊन आलो. आमच्या पडद्यावर बोटांचे डाग असतात, सगळे वरून खाली ओढलेले. उपग्रह विषुववृत्तावर असतो, आपल्याकडे तिरका बघतो. उंच ढग असतो तिथून उत्तरेला सरकून दिसतो. म्हणून बोट ठेवायचं आणि खाली, दक्षिणेला ओढायचं. मला हे तिहोमिरनंच शिकवलं, टपली मारून.

व्रेलावर आज नुसता एक गोल डाग होता.

"ओढलंस का?" मी विचारलं.

त्यानं बोट ठेवलं. खाली ओढलं. ग्राबवर आल्यावर ते थांबलं.

"विदोये, सोड! सगळी सोड!" तो फोनवर ओरडला. पलीकडून फक्त पत्र्यावरचा ताशा ऐकू आला.

मग तिहोमिरच्या बापाचा फोन. "त्या कुत्र्यानं परत नाही सोडली. कुऱ्हाड घेऊन निघालोय ठाण्यावर."

"बाबा, थांबा. तो विचारत होता. मी नाही म्हणालो."

फोन चालूच होता. गारा पडत होत्या.

कॉफी तशीच राहिली.

"गाव विदोयेलाच शिव्या देणार," तिहोमिर म्हणाला. "तू लिहितोस ना काहीबाही? हे लिही."

"लिहितो. तुझं नाव बदलतो."

"बदलू नकोस."

नाही बदलणार, असा शब्द दिला.