टेकडीपर्यंतचं पाणी

२००८ साली निमिषची नोकरी गेली आणि पुण्याला परतायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी त्याची बायको रुचा ओहायोतल्या त्या छोट्या शहराच्या म्युझियममध्ये गेली. तिथल्या म्हाताऱ्या डोरोथीबाईंना तिने विचारलं, “पूर आला तर नदीचं पाणी दफनभूमीच्या टेकडीवर चढतं का?”

“कधीच नाही. १९१३ साली अख्खं शहर बुडालं, तेव्हा माणसं त्याच टेकडीवर जाऊन वाचली. पण तू का विचारतेस?”

“माझं बाळ आहे तिथे. दोन महिन्यांचं होतं. उद्यापासून त्याचं इथे कुणी नसेल.”

डोरोथीबाईंनी तिचा हात धरला. “मी जात जाईन त्याच्याकडे. त्याला हाक कशी मारायची, तेवढं शिकव.”

“सौमित्र,” रुचा म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदाच ते नाव तिच्या तोंडून निघालं.