आरशापुरती शाई

"वहिनी, आरसा काळाच ठेवा हं," धाकट्या दिराने पेनड्राइव्ह पुढे करत सांगितलं. "फोटोची सगळी मजा त्या काळोखात आहे. मूळ निगेटिव्हला बुरशी लागलीय, म्हणून हा जुना स्कॅन आणलाय."

परवा प्रदर्शन होतं. शिंप्याचा हा गाजलेला फोटो, खाली स्वतःचं नाव घालून, त्याला भिंतीवर हवा होता; तोही जुन्या पद्धतीने, डार्करूममध्ये छापलेला. ते काम येणारं शहरात आता वहिनीशिवाय कोणी नव्हतं. फोटो आपल्या नवऱ्याने काढलाय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण गेलेल्या माणसाची साक्ष काढायला जायचं कुठे?

तिने फाईल उघडली. धुळीचे ठिपके दिसावेत म्हणून काळोख जरा उजळवला आणि तिचा हात माऊसवरच राहिला. शिंप्यामागच्या आरशात एक माणूस कॅमेऱ्यावर वाकला होता. त्याच्या काखेत कुबडी होती.

दिराला जन्मात कधी कुबडी लागली नव्हती. तिच्या नवऱ्याची मात्र ती शेवटपर्यंत सुटली नव्हती.

छपाईसाठी तिने फाईलची निगेटिव्ह केली आणि आरशातल्या त्या आकृतीवर शाई वाढवली. निगेटिव्हवर शाई जाड, तिथे कागद उजळ. प्रिंटरने पारदर्शक फिल्म सावकाश बाहेर सोडली. दीर डोकावला. पांढऱ्याचं काळं, काळ्याचं पांढरं. त्याला ओ की ठो कळलं नाही.

"झकास! प्रदर्शनवाल्या बाईंना आत बोलावतो. चित्र उमटताना बघायचंय त्यांना."

"बोलवा की, भावजी. माझी ना नाही."

शाई वाळल्यावर डार्करूमच्या लाल दिव्याखाली तिने फिल्म फोटोच्या कागदावर पालथी घातली, वर जाड काच ठेवली, प्रकाश दिला. मग कागद चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरमध्ये सोडला. शिंप्याचा काळा कोट आला, मशीन आलं, आरशातला काळोख आला. त्या काळोखातला एक माणूस मात्र काळा व्हायला तयार होईना.

"अय्या, आरशात कोण आहे?" बाई ट्रेवर वाकल्या. "फोटो काढतोय... कुबडी का हो त्याच्याकडे? तुम्ही तर चांगले धडधाकट!"

"बिघडलीय ही प्रिंट," दीर घाईने म्हणाला. "फाडा, वहिनी. दुसरी काढू." त्याने हात पुढे केला.

तिने चिमट्याने त्याच्या मनगटावर टक्कन मारलं, लहान पोराला मारावं तसं. कागद उचलून निथळला, पाण्यातून काढला आणि चित्र कायमचं पक्कं करणाऱ्या हायपोत बुडवला. चार मिनिटं ती ट्रे हलवत राहिली. नळ तेवढा ठिबकत होता.

मग तिने पांढरा दिवा लावला. दिराने डोळ्यांवर हात धरला.

"बघा बाई, आता नीट बघा," ती म्हणाली. "हायपोतून निघालाय. आता कितीही उजेड पडू द्या, माझा माणूस कुठे जात नाही."