उजव्या बाजूची गाडी

“किल्ली दे, आई. आता बास झालं.”

आई ओट्याला टेकून उभी होती. गाडीची किल्ली तिच्या मुठीत होती.

“काय बास झालं?”

“खिडकीतून बघ जरा.”

तिला बघायची गरज नव्हती. गल्लीतल्या सगळ्या गाड्या डावीकडे ओळीने उभ्या होत्या आणि उजवीकडे एकटी तिची जुनी पांढरी गाडी. गेल्या महिन्यात गल्लीच्या तोंडाशी नवी पाटी लागली होती. विषम तारखेला गाड्या उजवीकडे, सम तारखेला डावीकडे. तेव्हापासून सगळी गल्ली रोज सकाळी चहाच्या आधी गाड्या इकडच्या तिकडे करायची. आजही केल्या होत्या. सोसायटीच्या सेक्रेटरीने पहिली हलवली आणि त्याच्यामागून बाकीच्यांनी. मेंढरं परवडली.

“अरे, काल एकतीस होती, आज एक. दोन्ही विषमच. म्हणजे आज गाडी हलवायची नाहीये. सेक्रेटरींनाही मी सांगितलं, पण ते...”

“सगळ्या गल्लीला कळत नाही आणि तुला एकटीला कळतं?” मुलगा ओरडला. “आठ दिवस बघतोय मी. गॅसवर दूध विसरलीस. परवा बाबांच्या डोळ्यात औषध घालायचं विसरलीस. आज गाडी. उद्या कुणाला तरी उडवशील! विकून टाकायची गाडी, विषय संपला. संध्याकाळी माणूस येतोय बघायला.”

दूध तिच्या हातून उतू गेलं होतं, हे खरं. औषध मात्र ‘मी घालतो’ म्हणून त्यानेच घेतलं होतं आणि फोनवर बोलत बसला होता. पण आठ दिवसांसाठी आलेल्या माणसाला सगळ्यांचं सगळं दिसतं, स्वतःचं तेवढं दिसत नाही.

“बघायला येतोय? मला न विचारता?”

“विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?”

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच वर्षं बाबांना दवाखान्यात तीच नेत होती, तीच आणत होती. बाजारहाट तिचा, बँक तिची, वाटलं तर बहिणीकडे एक चक्करही तिची. कुणाला ‘सोडतोस का रे’ म्हणून विचारावं लागत नव्हतं. हा तिकडून ‘काळजी घे’ म्हणायचा आणि फोन ठेवायचा.

बाहेरच्या खोलीत बाबा बूट घालून तयार बसले होते. एका डोळ्यावर कालच्या ऑपरेशनची पट्टी. ती आज उघडायची होती.

“ती काय म्हणतेय ते एकदा ऐकून तरी घे रे,” ते म्हणाले.

“तुम्ही मध्ये पडू नका, बाबा.”

मग त्याने आईचा हात धरला आणि तिचं एक एक बोट उघडून किल्ली काढून घेतली. लहान मुलाच्या हातातून ब्लेड काढून घेतात, तशी. आई बोलली असती तर रडली असती, आणि त्याच्यासमोर तिला रडायचं नव्हतं.

ती खिडकीशी गेली. त्याने गाडी वळवून डावीकडे नेली आणि रांगेच्या शेवटी, गल्लीच्या तोंडाशी लावली. खाली उतरला, वर बघितलं आणि किल्ली हलवून दाखवली.

तो जिना चढून येतोय तोवर कर्णा वाजला. गाड्या उचलणारी क्रेन गल्लीत शिरत होती.

एकच धावपळ उडाली. बनियनवर, टॉवेलवर, दाढीचा फेस तसाच तोंडाला, जो तो आपापल्या गाडीकडे पळाला. सेक्रेटरी सगळ्यांच्या पुढे. पण क्रेनला पहिली सापडली ती तोंडाशी उभी असलेली पांढरी गाडी. मुलगा उलट पावली धावला. आईने पर्स घेतली आणि कठड्याला धरून एक एक पायरी खाली उतरली. ती पोचली तेव्हा गाडीची पुढची चाकं हवेत होती.

“गाडी कुणाची?” हवालदाराने विचारलं.

“आईची,” मुलगा म्हणाला. त्याचा आवाज आता अगदी मऊ झाला होता. “वय झालंय हो तिचं. तारखा लक्षात राहत नाहीत. चुकून लावली असेल तिने. सोडा ना या वेळेस.”

आई त्याच्या मागेच उभी होती.

“मी नाही लावली. याने लावली,” ती म्हणाली. सगळ्या गॅलऱ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “किल्ली कुणाच्या हातात आहे बघा.”

हवालदाराने किल्लीकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे बघितलं.

“ते तुमचं तुम्ही घरात मिटवा. गाडी ज्याच्या नावावर, त्याने लायसन घेऊन चौकीवर यायचं.”

“लायसन पर्समध्येच आहे. आत्ताच येते तुमच्याबरोबर.” तिने मुलासमोर हात पसरला. “किल्ली.”

“आई, लोक बघतायत.”

“बघू देत. तू आत्ता काय बोललास तेही त्यांनी ऐकलंय.”

त्याने किल्ली दिली. आई क्रेनच्या पुढच्या सीटवर चढून बसली, पर्स मांडीवर घेतली आणि धाडकन दार ओढून घेतलं. क्रेन हलली तशी तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“टॅक्सी बोलाव आणि बाबांना वेळेवर ने. पट्टी डॉक्टर काढतील. तू कशालाही हात लावू नकोस.”