साखळीतली किल्ली

इंग्लंडमधल्या सफक परगण्यात, एका नांगरलेल्या शेतात धातुशोधक यंत्र फिरवून सापडलेलं सगळं क्लाइव्हने रिवाजाप्रमाणे शेतमालकापुढे, जीपच्या बॉनेटवर मांडलं. म्हातारा एडविन एकेक ओळखत सुटला. “हे आमच्या घोडीचं घुंगरू. ही कोठाराची किल्ली. हे रोमन नाणं म्हणतोस? बटण आहे, गाढवा!” क्लाइव्ह हसला नाही. त्याने खिशातून शेवटची वस्तू काढली: तुटक्या साखळीत अडकलेली तिजोरीची किल्ली. एडविनचा चेहरा उतरला. “ही साखळी माझ्या वडिलांच्या कोटाची,” तो पुटपुटला. हीच किल्ली चोरली म्हणून त्याने धाकट्या भावाला घराबाहेर काढलं होतं, हे गावभर ठाऊक होतं. तो भाऊ आत्ता कुंपणापलीकडे मेंढ्या हाकत होता. “म्हणजे वडिलांकडूनच पडली होती,” क्लाइव्ह हळूच म्हणाला. “हाक मारू त्यांना?” एडविनने किल्ली मुठीत आवळली. “खड्डा बुजवलास?” “हो, तुमचा नियमच आहे.” एडविनने किल्ली त्याच्या हातात कोंबली. “मग परत उकर.”