न्हाव्याचा नवा डोळा

पोस्टमनकाका खुर्चीत बसले आणि सवयीने त्यांनी डोळे मिटून घेतले. न्हाव्याचा जीव खाली-वर झाला. नवा डोळा बसवून आजच दुकान उघडलेलं, पहिलंच गिऱ्हाईक, आणि तेही बघायला तयार नाही.

तसे सगळेच डोळे मिटायचे म्हणा. लहानपणी चुना उडून त्याचा डावा डोळा पांढराफटक झाला होता आणि दाढी करताना तो नेमका गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर यायचा. माणसं वाईट नव्हती. उठताना "झकास" म्हणायची, पण भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून.

शेवटी बायकोनेच त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं. नजर काही येणार नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. डोळ्यावर रंगवलेलं पातळ कवच मात्र बसवता येईल. ते रंगवणाऱ्या बाईंनी त्याला दिवसभर खिडकीपाशी बसवून ठेवलं. चांगल्या डोळ्यात बघत बघत तपकिरी रंग जमवला, रेशमाच्या बारीक धाग्यांच्या लाल शिरासुद्धा काढल्या. "झोप कमी दिसते तुमची," म्हणाल्या. इतका वेळ, इतक्या जवळून त्याच्याकडे कोणी बघितलंच नव्हतं. तो बापडा लाजून चूर.

काकांची दाढी झाली, मिशी झाली. मग मात्र त्याला राहवेना.

"काका, जरा माझ्याकडे बघता?"

काकांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. त्याच्या तोंडाकडे चांगलं निरखून बघितलं, आरशात स्वतःकडे बघितलं, परत त्याच्याकडे.

"मिशी उजवीकडे जास्त कापतोस तू."

"आज कापली गेली?"

"आज कसली? अकरा वर्षं कापतोयस. घरी बायकोची बोलणी मला खावी लागतात."

न्हाव्याला हसू आवरेना. आजवर त्याच्या कामाला कोणी नाव म्हणून ठेवलं नव्हतं. त्याला खिडकीपाशी बसवून डोळा रंगवणाऱ्या त्या बाईंचे पाय धरावेत असं त्याला वाटलं. त्याने टॉवेलने तोंड पुसलं आणि परत कात्री घेतली.

"मग एकदा तरी बोलायचं होतंत, काका."

काका गळ्याभोवतीचं कापड उगाच नीट करत राहिले.

"भांडायचं तर माणसाच्या तोंडाकडे बघावं लागतं रे. तेवढी माझी हिंमत झाली नाही."