झाकलेली विहीर

"सर, ही फरशी भिंतीच्या खाली आहे," सुलभा म्हणाली.

व्हिटलॉकसाहेब खिडकीपाशी डोळे मिटून बसले होते. ऐंशी उलटलेल्या त्या इंग्रज माणसाला आता समोरच्याचा आकार तेवढा दिसे, चेहरा नाही. तरुणपणी त्यांनी इंग्लंडमधलं एक ओसाड गाव खणलं होतं, साडेसहाशे वर्षांपूर्वी उठून गेलेलं. त्याचा अहवाल लिहायचा राहूनच गेला. म्हातारपणी शारजात मुलीकडे राहायला आले, तेव्हा फोटोंच्या आणि नकाशांच्या पेट्या बरोबर घेऊन आले. सुलभा दर शुक्रवारी येऊन त्यांना ड्रॉइंग्ज करून द्यायची. पुण्यात पुरातत्त्व शिकलेली ती, इथे नवऱ्याच्या काँट्रॅक्टिंग ऑफिसात पाइपलाइनची ड्रॉइंग्ज काढत होती.

"खाली म्हणजे?"

"विहिरीच्या तोंडावर फरशी आहे. फरशीवर थोडी माती. आणि त्या मातीवर शेजारच्या घराची भिंत पडलीय. म्हणजे फरशी आधी बसवली, घर नंतर पडलं."

"पुढे कधीतरी एखाद्या शेतकऱ्याने टाकली असेल. मी तसंच लिहिलंय."

"मग ती पडलेल्या दगडांच्या वर असती, सर."

साहेबांनी डोळे उघडले. सुलभाला वाटलं, जास्तच बोललो आपण. अहवाल उद्या कुरियरने लंडनला जायचा होता. शेवटचं पान तिनेच टाइप केलं होतं. प्लेगने गाव संपलं, पळू शकले ते पळाले, आणि शेवटी जो मेला त्याला मूठमाती द्यायलाही कुणी उरलं नाही. साहेब हे वाक्य आयुष्यभर भाषणांतून सांगत आले होते.

"भिंग घे," ते म्हणाले. "फरशीच्या कडेला काय दिसतंय?"

सुलभा फोटोवर वाकली. "चिकणमाती. चारी बाजूंनी फट लिंपून काढलीय." ती थांबली. "सर, बोटं उमटलीयत. लिंपताना फिरवलेली."

"त्या दिवशी पाऊस धरला होता," साहेब स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "फोटो काढला आणि ताडपत्री ओढली. पुन्हा बघायचं राहिलं."

"घाबरून पळणारा माणूस विहीर लिंपत बसेल का?"

"माणूस नसेल पळणारा. मेंढपाळ असेल." आता त्यांचा आवाज मास्तरासारखा झाला. "गाव गेल्यावर तिथे मेंढ्या चरायला आल्या. मेंढरू आत पडू नये म्हणून त्याने झाकली असेल. घरं तेव्हा उभीच असणार. तू म्हणतेस ते सगळं यात बसतं."

बसत होतं खरं. सुलभाने ड्रॉइंग पुन्हा जवळ ओढलं.

तेवढ्यात बेल वाजली आणि सुलभाचा नवरा देवदत्त आत आला. शुक्रवार असूनही बुटांवर साइटची धूळ होतीच. "यल्ला सुलभा, चल. शर्वाणीचा क्लास सुटला असेल, पोरगी वाट बघत असेल." मग साहेबांकडे वळून, "गुड इव्हनिंग सर." या गोऱ्यांच्या मेलेल्या गावाने आपला एकुलता एक सुटीचा दिवस खाल्ला, असं तो गाडीत नेहमी म्हणायचा.

"अहो, दोन मिनिटं. हे बघा जरा." सुलभाने विहिरीच्या उभ्या छेदाचं ड्रॉइंग त्याच्यापुढे सरकवलं. "ही फरशी एका माणसाने बसवली असेल?"

देवदत्तने उभ्याउभ्याच पाहिलं. "साइज?"

"चार फूट बाय चार. जाडी पाच इंच."

"दगड कुठला?"

"लाइमस्टोन," साहेब म्हणाले.

देवदत्तने खुर्ची ओढली आणि बसला. मनातल्या मनात त्याचा हिशोब चालला होता. "साडेचारशे किलो तरी. क्रेन नाही, चेन ब्लॉक नाही. एकट्याचं काम नव्हे हे, सर. माझी चांगली माणसं लावली तरी आठ लागतील. दोन पहारी. आणि शिवाय 'हां, उचल' म्हणून ओरडणारा एक."

"नऊ जण," साहेब म्हणाले.

"कमीत कमी. माती कालवून देणाऱ्या बायका यात धरल्याच नाहीत."

साहेब सुलभाच्या दिशेने वळले. मग म्हणाले, "शेवटचं वाक्य वाच."

सुलभाने वाचलं.

"खोड ते."

तिने पेनाने आडवी रेघ मारली. "आणि कुरियर?"

"थांबेल. इतकी वर्षं थांबलंच आहे." साहेब हसत होते. ते उठले, चाचपडत टेबलापाशी आले आणि म्हणाले, "बोटं कुठे आहेत?" सुलभाने त्यांचा हात धरून फोटोच्या कोपऱ्यावर ठेवला. कागद गुळगुळीत होता. तरी ते त्यावरून अंगठा फिरवत राहिले. "म्हणजे मेंढपाळ नव्हे. विहीर झाकून गावातली सगळी मिळून गेली," ते म्हणाले. "शेवटचा असा कुणी नव्हताच."

देवदत्तला क्लासची आठवण राहिली नव्हती. तो अजून ड्रॉइंगकडेच बघत होता.

"आणि सर, झाकण्याआधी पाणी शेंदून घेतलं असणार त्यांनी," तो म्हणाला. "एवढं अवजड काम झालं, तहान लागली असणार. सगळे तिथेच बसून पाणी प्यायले असतील. मग निघाले असतील."

"याला पुरावा नाही," व्हिटलॉकसाहेब म्हणाले.

मग थोडं थांबून म्हणाले, "पुन्हा सांगा."